जुन्या दोन-स्ट्रोक आउटबोर्डच्या प्लगला करंट येत नाही, सीडीआय बदलू का?

तुम्ही लिहिलंय की तुमचं १५ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं जुनं आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) पावसाळाभर झाकून ठेवलं होतं. पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर होडी पाण्यात घातली, तर दोरी ओढून ओढून खांदे भरून आले तरी इंजिन चालू होत नाही. प्लग काढून पाहिला, करंट नाही. मेकॅनिक म्हणतो सीडीआय बॉक्स (ठिणगीसाठी वीज साठवून सोडणारा डबा) गेला, नवीन घाला.

एवढ्यात घालू नका. मालवणच्या बाजूला आमच्या घरात दोन होड्या आहेत आणि गेली बावीस वर्षं त्यांची इंजिनं मीच उघडतोय. सीडीआय खरोखर गेलेला मी मोजक्या वेळा पाहिला. पण सरळ तपासता येत नाही म्हणून सगळा दोष त्याच्यावर ढकलला जातो. बॉक्स महाग, आणि इलेक्ट्रिकचा भाग दुकानदार परत घेत नाही.

हे मी अनुभवावरून सांगतोय. एका ऑगस्टमध्ये कर्ली खाडीच्या मुखाशी, देवबागच्या संगमाजवळ, आमचं इंजिन अचानक बंद पडलं. ओहोटी लागली होती, पाणी बाहेर ओढत होतं, आणि मी नि माझा चुलतभाऊ वल्ही मारत कसेबसे काठाला लागलो. दुसऱ्या दिवशी एका कारागिराच्या सांगण्यावरून नवा बॉक्स बसवला. करंट नाहीच. शेवटी काका आले, त्यांनी इंजिनाकडे न बघता विचारलं, "स्वीच सोडवलंस? आधी ता सोडव, मगे बाकीचा बघ." स्टॉप स्विचची, म्हणजे इंजिन बंद करायच्या बटणाची, वायर काढली आणि पहिल्या ओढीला ठिणगी पडली. स्विच उघडला तर आत तांब्याचा हिरवा चुरा साचलेला, मिठाने ओलसर.

कारण समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं जाईल. या इंजिनाला बॅटरी लागत नाही. फ्लायव्हीलमधली (दोरी ओढली की फिरणाऱ्या जड चाकातली) चुंबकं चार्ज कॉइलसमोरून फिरतात, तिथे तयार झालेली दोनेकशे-तीनशे व्होल्ट वीज बॉक्समधल्या कपॅसिटरमध्ये साठते. पल्सर कॉइलने इशारा दिला की ती एका झटक्यात इग्निशन कॉइलमध्ये जाते आणि तिथून हजारो व्होल्ट होऊन प्लगवर उडी मारते. इंजिन बंद करायचं बटण आणि चालवणाऱ्याच्या अंगाला बांधायच्या लाल दोरीची क्लिप काय करतात? हीच साठणारी वीज अर्थला लावून टाकतात. म्हणजे स्विचमध्ये खारा ओलावा शिरला की कोणी बटण न दाबताही इंजिन 'बंद' अवस्थेतच राहतं. दोन महिने दमट हवेत झाकून ठेवलेल्या इंजिनात सगळ्यात आधी हेच होतं.

म्हणून पहिलं काम: स्टॉप स्विचकडून येणारी वायर कनेक्टरमधून सोडवा. यामाहामध्ये ती पांढरी असते, काळी वायर अर्थची. सोडवलेलं टोक कुठे टेकणार नाही असं ठेवा आणि करंट बघा. मल्टिमीटरचा बझर वाजला नाही म्हणून स्विच चांगला असं समजू नका. मीटर दोन-तीन व्होल्टवर तपासतो, इथे शेकडो व्होल्टचा मामला आहे, ओलसर मिठातून ते आरामात गळतात. वायर सोडवून बघणं हीच खरी परीक्षा. या अवस्थेत इंजिन चालू झालं तर बटणाने बंद होणार नाही, चोक पूर्ण ओढून गुदमरवावं लागेल. हे किनाऱ्यावरच करा.

आता करंट बघायची पद्धत, कारण इथेच निम्मे लोक फसतात. प्लग कॅपमध्ये घालून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूला घट्ट लागला पाहिजे. गंजलेल्या बोल्टवर टेकवून 'करंट नाही' म्हणणं चूक आहे. बऱ्याच दोन सिलिंडरच्या इंजिनांत एकाच इग्निशन कॉइलमधून दोन्ही प्लगच्या वायर निघतात. तिथे वीज एका प्लगमधून जाऊन दुसऱ्यातून परत येते. अशा वेळी एकच प्लग अर्थ केला आणि दुसरी कॅप हवेत लोंबत ठेवली, तर कॉइल चांगली असूनही करंट दिसत नाही, वर उघड्या वायरमुळे कॉइल जळायची भीती. दोन्ही प्लग एकदम अर्थ करा. प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून ठिणगी भोकापासून लांब ठेवा. आणि दोरी जोरात ओढा. हळू ओढलं तर चार्ज कॉइल पुरेशी वीज बनवतच नाही.

तिन्हीसांजेला करा हे काम. निळी, चट्-चट् आवाज करणारी ठिणगी हवी, पिवळट-नारिंगी आणि मऊ दिसली तर ती कमजोर. एकदा अंधारात कव्हर काढून दोरी ओढताना मला प्लगच्या वायरवरून निळ्या मुंगीसारखी वीज सरपटत ब्लॉककडे जाताना दिसली. वायरीला केसाएवढी चीर होती, दिवसाउजेडी ती कधीच सापडली नसती.

प्लग नवे घालूनच तपासणी करा, तो सगळ्यात स्वस्त भाग आहे. नंबर मात्र इंजिनाच्या पुस्तकातलाच घ्या. बी७एचएस आणि बी७एचएस-१० हे एकच प्लग नाहीत, शेवटचा १० म्हणजे १.० मिलिमीटरचा गॅप, ठिणगी उडते ती फट. कॅप बहुधा वायरीवर पेचाने बसलेली असते. ती फिरवून काढा, आतलं तांबं हिरवं-काळं झालं असेल तर वायर अर्धा सेंटिमीटर कापून पुन्हा बसवा. इग्निशन कॉइल ज्या बोल्टने ब्लॉकला लागते तिथला गंजही पॉलिश पेपरने घासा, तीच तिची अर्थ आहे.

एवढं करूनही करंट आला नाही तर मीटर काढा. चार्ज कॉइल आणि पल्सर कॉइल यांचा ओहम पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघा. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली आहे. इग्निशन कॉइलच्या प्रायमरीचा (बॉक्सकडून वीज येते त्या गुंडाळीचा) ओहम एकाहून कमी असतो, म्हणून मीटरच्या स्वतःच्या वायरींचा आकडा त्यातून वजा करा. हे सगळे भाग पास झाले, अर्थ स्वच्छ आहे, स्विच सोडवलेला आहे आणि तरी करंट नाही, तेव्हाच बॉक्सचा नंबर लागतो. तेव्हाही ओळखीतल्या कोणाचा त्याच मॉडेलचा चालू बॉक्स दहा मिनिटं लावून बघा, मग पैसे घाला.

दोन गोष्टी तुमच्या प्रश्नात नाहीत, पण पुढे लागतील. करंट चांगला आहे तरी इंजिन उलटा झटका मारतं किंवा नुसतं फुरफुरतं, तर फ्लायव्हीलखालची चावी (त्याला दांड्यावर जागेवर धरणारा धातूचा छोटा तुकडा) कातरली गेली असेल आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, सरकलं असेल. फ्लायव्हील पुलरनेच (ओढून काढायच्या हत्यारानेच) काढा. हातोड्याने ठोकलं की चुंबकं सुटतात. दुसरं, थंड असताना चालतं आणि वीस मिनिटांनी मरतं, असं असेल तर गरम असतानाच लगेच करंट बघा. तापल्यावर आतली तार सुटणारी कॉइल थंड झाल्यावर मीटरला अगदी चांगली दिसते.

दोष स्विचमध्ये सापडला तर वायर तशीच सोडून समुद्रात जाऊ नका. माणूस पाण्यात पडला तर इंजिन बंद करणारी एवढी एकच गोष्ट होडीवर असते. नवा स्विच बसवा, जोडावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक (तापवल्यावर आकसणारी) नळी चढवा, आणि किनाऱ्याला बांधलेल्या होडीत इंजिन चालू करून क्लिप खेचून बघा. ते तिथल्या तिथे मेलं पाहिजे. स्विच सोडवल्यावर काय दिसलं ते इथेच लिहा, पुढचं बघू.