'ययाती'सारख्या कादंबऱ्या बायबलमधल्या व्यक्तींवर आहेत का? बायबल न वाचता त्या कळतील का? श्रद्धा दुखावते का?

आहेत, आणि भरपूर. अख्खं बायबल वाचायची गरज नाही. ज्या व्यक्तीवरची कादंबरी हाती घ्याल, तिच्यावरचा अध्याय मात्र आधी वाचाच. मूळ ग्रंथ जिथं गप्प बसतो, तिथंच ही कादंबरी बोलायला लागते.

दीनाचं बघा. याकोब आणि लेआची मुलगी. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, म्हणजे उत्पत्तीच्या ३४व्या अध्यायात, जवळच्या नगराच्या सरदाराचा मुलगा शखेम तिच्यावर बळजबरी करतो, मग तिला मागणी घालतो. बाप गप्प राहतो. शिमोन आणि लेवी हे भाऊ सूड म्हणून नगरातले सगळे पुरुष कापून काढतात. एवढ्या अध्यायात दीनाच्या तोंडी एक शब्द नाही! आमच्या मिरजेच्या घरी आजी हा अध्याय भरभर वाचून पुढं जायची. मला मात्र ती मुलगी कुठं गेली हेच हवं असायचं. अनिता डायमंट यांच्या 'द रेड टेंट'मध्ये (१९९७) तीच आपली गोष्ट सांगते. पाळीच्या दिवसांत बायका ज्या तंबूत एकत्र राहतात, तिथं ती आई-मावशीच्या गोष्टी ऐकत वाढते. घरात 'बाजूला बसणं' पाहिलेल्या बाईला तो तंबू परका वाटणार नाही. पण बळजबरीच्या जागी लेखिकेनं प्रेम आणलंय, ते मला पटलेलं नाही. सगळा दोष भावांच्या माथी जातो आणि शखेम सुटतो.

माझी सगळ्यात लाडकी कादंबरी पेर लागरक्विस्त यांची 'बाराब्बास' (१९५०). येशूच्या ऐवजी रोमन सुभेदार पिलातानं ज्या कैद्याला सोडलं, तो बरब्बा. सुटकेनंतर त्याचं काय झालं, हे बायबलमधल्या येशूच्या चारही चरित्रांत, म्हणजे शुभवर्तमानांत नाही. कादंबरीत तो सुटल्यावर येशूचं मरण बघायला जातो. 'येशू माझ्यासाठी मेला' असं आम्ही सगळेच म्हणतो. बरब्बाच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे, आणि त्यालाच विश्वास ठेवता येत नाही. ही तगमग मी दुसऱ्या कुठल्या कादंबरीत इतकी अनुभवलेली नाही.

श्रद्धेचं म्हणाल, तर काहींची दुखावते. मी रविवारी चर्चला जाते, माझी दुखावली नाही. ज्यू परंपरेत अशा रिकाम्या जागा भरण्याची फार जुनी रीत आहे, तिला मिद्राश म्हणतात. ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम यानं बापाच्या मूर्ती फोडल्याची गोष्ट तिथलीच, उत्पत्तीत ती नाही. आणि तुम्ही तर सांगलीचे, खांडेकरांच्या जन्मगावचे. 'ययाती'तली अलका महाभारतात शोधून सापडत नाही, तरी तिच्यासाठी जीव तुटतोच ना? मराठीत येशूचं चरित्र काव्यात हवं असेल तर 'ख्रिस्तायन' बघा. अखेरची वर्षं साताऱ्यात राहिलेल्या रेव्हरंड टिळकांनी ते हाती घेतलं आणि त्यांच्यामागे पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

थॉमस मान यांची याकोबाचा मुलगा योसेफ याच्यावरची चार खंडांची कादंबरी (१९३३–४३) थोर आहे, पण तिच्यापासून सुरुवात करू नका, दमाल. आधी मार्कच्या शुभवर्तमानाचा १५वा अध्याय वाचा, दहा मिनिटांत होतो. मग 'बाराब्बास' घ्या, छोटीच आहे.