चोरीवरचा हलकाफुलका, उत्तम अभिनयाचा विनोदी चित्रपट कोणता? आणि चोरांच्या बाजूने आपण का होतो?

माझं उत्तर एकच: ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’, ब्रिटिश, 1951, दिग्दर्शक चार्ल्स क्रायटन.

बँकेच्या सोन्याची ने-आण सांभाळणारा एक साधा, वर्षानुवर्षे इमानेइतबारे राबलेला कारकून त्याच सोन्यावर डल्ला मारायचं ठरवतो. सोनं देशाबाहेर न्यायचं कसं? शेजारच्या खोलीत राहायला आलेला माणूस पर्यटकांसाठी आयफेल टॉवरच्या छोट्या प्रतिकृती बनवतो. सोनं वितळवून तेच टॉवर ओतायचे!

ॲलेक गिनेस हा कारकून असा काही उभा करतात की बघत राहावं. आवाज मवाळ, चालणं बेताचं, आणि बेत सुचल्यावर डोळ्यांत येणारी चमक. कुठेही ‘बघा, मी विनोद करतोय’ असा आव नाही. म्हणूनच आपण त्याच्या बाजूने होतो. चोरीपेक्षा त्याला पहिल्यांदाच जगताना पाहण्याचा आनंद मोठा असतो. टॉवर बनवणाऱ्या त्या शेजाऱ्याच्या भूमिकेत स्टॅन्ली हॉलोवे तितकेच लोभस.

सोन्याचे काही टॉवर चुकून शाळकरी मुलींना विकले जातात, तेव्हा दोघे आयफेल टॉवरच्या गोल जिन्यावरून धावत सुटतात. भोवळ येते आणि दोघांना हसू आवरत नाही. आपलीही तीच गत होते.

पटकथेला ऑस्कर मिळालं होतं, गिनेसना नामांकन. सुरुवातीला ऑड्री हेपबर्न क्षणभर दिसते, लक्ष ठेवा.