एकेकाळी निषिद्ध मानलेलं वर्तन समाज पुढे कसं स्वीकारतो?

कायद्याने परवानगी मिळते, पण मान्यता मिळते ती तसं वागणारी माणसं वर्षानुवर्षं आपल्यातच उजळ माथ्याने जगताना दिसल्यावर. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. तरीही १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तेव्हा मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. दोघांनी नेटाने संसार केला, १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तिथे मुली शिकू लागल्या आणि विरोध ओसरत गेला. १९५८ मध्ये त्याच कर्व्यांना भारतरत्न मिळालं. गोदूबाईंचं धैर्य मला तितकंच मोठं वाटतं. मात्र निषिद्ध काय, हे जातीजातीत वेगळं होतं: अनेक बहुजन जातींत पाट लावायची, म्हणजे विधवेचं पुन्हा लग्न लावायची, रीत आधीपासूनच होती, मनाई होती ती ब्राह्मण आणि स्वतःला उच्च म्हणवणाऱ्या जातींत.