हॅमिल्टनच्या २०१८ मधील महापौर निवडणुकीने तेथील लाईट रेलचा प्रश्न सुटला का?

नाही, कॅनडातील हॅमिल्टन शहराची ती निवडणूक मुख्यतः लाईट रेलच्या, म्हणजे शहरातील रस्त्यांवरून धावणाऱ्या हलक्या विजेच्या रेल्वेच्या, मुद्द्यावर लढली गेली आणि प्रकल्प रद्द करू असे सांगणाऱ्या व्हिटो स्ग्रो यांना हरवून प्रकल्पाचे समर्थक फ्रेड आयझेनबर्गर पुन्हा महापौर झाले, तरी डिसेंबर २०१९ मध्ये ऑन्टारियोच्या प्रांतिक सरकारने वाढत्या खर्चाचे कारण देऊन प्रकल्प गुंडाळला. मॅकमास्टर विद्यापीठ ते ईस्टगेट स्क्वेअर या सुमारे १४ किलोमीटरच्या मार्गाच्या बांधकामाचा पैसा प्रांताकडून यायचा होता, त्यामुळे मतदारांनी कौल देऊनही अखेरचा निर्णय शहराच्या हाती राहिला नाही. याची सर्वाधिक झळ किंग स्ट्रीटवरील भाडेकरूंना बसली. मार्गासाठी विकत घेतलेली घरे त्यांना सोडावी लागली आणि रूळ काही आले नाहीत, ही या साऱ्या प्रकरणातील मला सर्वांत अन्यायाची वाटणारी बाब आहे. मात्र ती निवडणूक निरर्थक होती असेही म्हणता येणार नाही, कारण मे २०२१ मध्ये केंद्र आणि प्रांत यांनी मिळून ३४० कोटी डॉलर देऊ केले, तेव्हा त्याच निवडणुकीतून आलेल्या नगरपरिषदेने त्या वर्षी मतदान करून प्रकल्पाला पुन्हा संमती दिली.