घोळक्यातून जरा बाहेर

पहिल्यांदाच ब्लॉगर संमेलनाला निघालीयस, तेही मैत्रिणींसोबत, तर एक सांगते: सकाळीच पांगा. एकाच वेळी तीन सत्रं असतील तर वाटून घ्या, जेवताना टिपणं ताडून पाहा. माझ्या पहिल्या खेपेला आम्ही चौघी दिवसभर एकमेकींना चिकटून बसलो. नवी ओळख शून्य! खरी गंमत सभागृहात नसतेच, चहाच्या रांगेत असते. समोरच्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव वाचायचं आणि ‘तुम्ही कशावर लिहिता?’ एवढंच विचारायचं. पुढचं तेच बोलतात. गोल करून उभ्या राहिलात तर एक बाजू मोकळी ठेवा, म्हणजे एकटं घुटमळणारं कुणी आत येतं. आणि हो, फोटो टाकण्याआधी त्यातल्या माणसांना विचार. काहीजण टोपणनावाने लिहितात, त्यांना चेहरा दाखवायचा नसतो.