ग्लेझला झिलई म्हणावं का?

प्रश्न ठाण्याहून आलाय. कलाभवनातल्या अमूर्त चित्रांच्या प्रदर्शनासाठी मराठी मजकूर लिहायचाय. 'लेयर्ड ट्रान्सलुसंट ग्लेझेस'ला 'अर्धपारदर्शक झिलईचे थर' चालेल का?

झिलई नको. झिलई म्हणजे तकाकी. ती बरणीला, चिनी मातीच्या कपाला शोभते. चित्रातलं ग्लेझ वाळल्यावर पार मॅटही असू शकतं. त्याचं काम खालचा रंग न झाकता बदलण्याचं. वाळलेल्या पिवळ्यावर निळ्याचा पातळ थर दिला की हिरवा दिसतो, पण पॅलेटवर कालवलेल्या हिरव्यासारखा नाही. उजेड खालच्या थरापर्यंत जाऊन परततो, त्यामुळे हा हिरवा आतून उजळल्यासारखा वाटतो. (घोडबंदर रोडवरच्या टॉवरवाल्यांचं 'ग्लेझिंग' म्हणजे काचकाम, तो घोळ वेगळाच.)

माझं मत 'पुट'ला. सोन्याचं पुट, धुळीची पुटं. पुट 'चढतं', म्हणजे एकावर एक हा अर्थ क्रियापदातच आला. रंगारी 'दोन हात मारले' म्हणतात, पण तो भिंत झाकणारा हात. तशी धूळही झाकतेच, म्हणून पुटाला विशेषण हवं.

'ट्रान्सलुसंट'साठी 'पारभासी' हा शब्द हिंदीच्या वळणाचा आहे. शाळेच्या विज्ञानातला 'अर्धपारदर्शक' ओळखीचा, तरी आधी ट्यूब बघा. बऱ्याच कंपन्या त्यावर छोटा चौकोन छापतात: रिकामा म्हणजे पारदर्शक, पूर्ण भरलेला म्हणजे अपारदर्शक, अर्धा भरलेला म्हणजे दोन्हींच्या मधला. ग्लेझला शक्यतो रिकाम्या चौकोनाचे रंग घेतात, उदाहरणार्थ थॅलो ब्ल्यू. त्यात टायटॅनियम व्हाइट जरा जास्त पडला की थर धुरकटतो. मग 'पारदर्शक' लिहिणं खोटं.

मजकुरात 'वाळलेल्या थरावर' हे मात्र लिहाच. खालचा थर ओला असेल तर रंग मिसळून गढूळ होतो, त्याला ग्लेझ म्हणत नाहीत. तैलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्यामुळे एकेका पुटाला दिवस लागतात, पावसाळ्यात आणखी. वरच्या पुटात तेल खालच्यापेक्षा जास्त ठेवतात. उलट केलं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा अजून हलत असतो आणि तडे जातात.

मी असं लिहीन: 'वाळलेल्या थरावर पारदर्शक तैलरंगाची पुटं चढवत केलेली चित्रं.' रंग अ‍ॅक्रिलिक असतील तर 'तैलरंगाची'च्या जागी 'अ‍ॅक्रिलिकची'.