ऊन भरपूर, प्रश्न तारांचा

आपण दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत. भारतासारख्या विकसनशील देशात वीजजाळ्याला जोडलेली सौरवीज खरोखर व्यवहार्य आहे का, हा पहिला. आणि सोलापूरच्या पूर्व भागातील आपल्या यंत्रमागाच्या शेडवर व शेजारच्या राहत्या घरावर ती बसवावी का, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर आता पॅनेलच्या किमतीत शोधण्याचे कारण उरलेले नाही. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले, तेव्हा पहिल्या लिलावांत युनिटमागे अकरा-बारा रुपयांचे दर आले होते. २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे हा दर २ रुपये ४४ पैशांवर आला आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात तो दोन रुपयांच्याही खाली गेला. जानेवारी २०२५ मध्ये देशाची सौर क्षमता १०० गिगावॉटच्या पुढे गेली. अडचण उरली आहे ती ही वीज सामावून घेणाऱ्या तारांची, रोहित्रांची (ट्रान्सफॉर्मरची) आणि सूर्यास्तानंतरच्या तासांची.

मोठ्या जाळ्याची गोष्ट सोलापूरकराला समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी ७६५ केव्हीची रायचूर–सोलापूर वाहिनी सुरू झाली आणि तोवर वेगळ्या वारंवारितेवर चालणारे दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी एकाच लयीत जोडले गेले. त्यामुळे कर्नाटकातील पावगडाच्या सौर प्रकल्पावर ढग आले, तर ती तूट दुसऱ्या राज्यातील पवनचक्की किंवा जलविद्युत केंद्र भरून काढू शकते. मात्र सूर्य सगळीकडे दोनेक तासांच्या अंतराने मावळतोच, आणि दिवे, पंखे, दूरदर्शन संच नेमके तेव्हाच सुरू होतात. आपल्या फताटेवाडीच्या औष्णिक केंद्रात प्रत्येकी ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत. असा संच दुपारी बंद करून संध्याकाळी पुन्हा पेटवता येत नाही, म्हणून दुपारी तो कमी भारावर चालवत ठेवावा लागतो. २०२३ च्या नियमांनुसार हा किमान भार ५५ टक्के, म्हणजे सुमारे ३६३ मेगावॉट होतो. दोन-अडीच रुपयांच्या सौर युनिटची खरी किंमत काढताना या राखीव कोळशाचा, बॅटरीचा किंवा पाणी उपसून साठवणाऱ्या प्रकल्पाचा खर्च त्यात धरलाच पाहिजे. जाहिरातींत तो कोणी धरत नाही.

आता आपल्या गल्लीकडे येऊ. माझ्या मते निर्णय येथेच होतो. जाळ्याला जोडलेला इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरच्या वापराच्या विजेत बदलणारे यंत्र, बाहेरची वीज गेली की आपोआप बंद होतो, कारण तारांवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका होऊ नये असा दंडक आहे. भर दुपारी तासभर वीज गेली, तर लख्ख उन्हातही आपले तेवढे युनिट बुडाले असे समजावे. दुसरी गोष्ट दाबाची, म्हणजे व्होल्टेजची. एकाच रोहित्रावरील अनेक घरे दुपारी वीज परत ढकलू लागली आणि वापर कमी असला, की लांबलेल्या वाहिनीच्या टोकाला व्होल्टेज चढते, आणि ते २३० च्या ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ व्होल्टच्या वर गेले की नियमाप्रमाणे इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. ग्राहक पॅनेलला दोष देतो, पण दुखणे रोहित्रापाशी असते.

म्हणूनच यंत्रमाग आणि घर यांचा हिशेब वेगळा आहे. माग दिवसा चालतात, त्यामुळे शेडवर तयार झालेली वीज बहुतांशी तिथेच खपते आणि तारांवर ताण येत नाही. घराचा वापर संध्याकाळचा असल्याने ते नेट मीटरच्या, म्हणजे दिवसा जाळ्यात दिलेली वीज नंतर घेतलेल्या विजेतून वजा करणाऱ्या मीटरच्या, भरवशावर असते, म्हणजे एका अर्थी महावितरणच्या जाळ्याचा फुकटची बॅटरी म्हणून उपयोग करते. ही सोय धोरणाची आहे, निसर्गाची नाही. धोरण बदलू शकते. आजचे चित्र मात्र घराच्या बाजूचे आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे कमाल ७८,००० रुपये मिळतात, पण केवळ घरगुती जोडणीला. मागाच्या जोडणीला हे अनुदान नाही. शिवाय यंत्रमागाला राज्याची वीजदर सवलत असल्याने वाचणाऱ्या प्रत्येक युनिटची किंमत ती सवलत वजा करूनच धरावी, नाहीतर विक्रेत्याने दाखवलेली परतफेडीची मुदत कागदावरच राहील.

उन्हाबद्दल थोडे. मे महिन्यात ४२-४३ अंश असताना पॅनेलचे तापमान ६५ च्या आसपास जाते आणि २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के शक्ती घटते, म्हणजे जवळपास चौदा टक्के. मार्चचा निरभ्र दिवस मेपेक्षा सरस ठरतो तो यामुळेच. वर्षाची सरासरी किलोवॉटला दिवसाकाठी चार युनिट धरावी. मागाच्या शेडवर धुळीबरोबर सुताचे तंतूही बसतात, तेव्हा पाण्याच्या नळाची आणि चढण्याच्या शिडीची सोय आधी करावी. पत्र्याच्या जुन्या शेडचा सांगाडा अभियंत्याकडून तपासून घ्यावा. माळवदाच्या घरावर तर हा विचारच सोडून द्यावा.

देशापुरते माझे मत विचाराल, तर सर्वांत शहाणपणाची गुंतवणूक ग्रामीण उपकेंद्रांजवळच्या छोट्या सौर प्रकल्पांत आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे सूत्र हेच आहे: दिवसा ऊन, दिवसाच पंप, आणि दोघांमधली तार आखूड. रात्री दारे धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला त्याचे मोल सांगावे लागत नाही. उसाच्या आपल्या जिल्ह्यात दिवसाची मुबलक वीज भूजल आणखी खाली नेईल ही भीती रास्त आहे, पण त्यावर उपाय पाण्याच्या नियमनात आहे, वीज रात्रीची ठेवण्यात नाही.

आपण दरपत्रक मागवण्यापूर्वी सुट्टीच्या दिवशी, माग बंद असताना, दुपारी बारा ते दोन या वेळेत मीटरपाशी व्होल्टेज मोजून घ्या. ते आधीच २४५ च्या पुढे असेल, तर आधी महावितरणकडे लेखी अर्ज करून रोहित्राचे टॅप (बाहेर पडणारे व्होल्टेज कमी-जास्त करण्याची सोय) तपासायला सांगा आणि त्या रोहित्रावर सौर क्षमतेला किती जागा शिल्लक आहे तेही लेखी घ्या. त्यानंतर घरावर तीन किलोवॉट बसवा, आणि शेडसाठी वर्षभराची बिले काढून दिवसाचा वापर जेवढा निघेल तेवढीच क्षमता ठरवा.